दोन शेंड्यांचा टाक

रविवारी दुपारी मुलगी झोपली की मी फोनमधले फोटो पुसायला बसतो. जिवावर येणारं काम आहे, पण जागा भरली की फोन नवा फोटो घेत नाही आणि मला तर रोज नवे हवे असतात. मुलगी सव्वादोन वर्षांची आहे. ती ताटलीत भाकरी कुस्करते, फोटो. चपला उलट्या घालते, फोटो. रडायच्या आधी खालचा ओठ बाहेर काढते, त्याचे तर एका दमात पंधरा. बायको म्हणते, लेकराला बापाचं तोंड दिसतच नाही, फोनची पाठ दिसते. ती कन्नड शाळेत शिकवते आणि रागावली की कन्नडमधून बोलते. मी मराठीतून गप्प बसतो.

बाप म्हणून माझी काही मतं आहेत आणि ती मी कुणी न विचारताही सांगतो. लेकराच्या गालाला काळा ठिपका लावायचा नाही. मनगटाला काळा दोरा बांधायचा नाही. ती पडली तर जमिनीला चापट मारून हिनंच पाडलं असं खोटं शिकवायचं नाही, जमीन कुणाला पाडत नसते. तिचं ढुंगण धुणं हे माझंही काम आहे आणि त्याचं कौतुक कुणी करू नये. आळंदला आम्ही भाड्यानं राहतो त्या घरातल्या शेजारणी या मतांना हसतात. हसू देत. मी छापखान्यात कामाला आहे, लग्नपत्रिकांचा मजकूर आणि फोटो जुळवतो, दिवसभर दोन भाषांतली देवांची नावं पत्रिकेच्या माथ्यावर बसवतो. घरात तरी मला माझ्या मतांनी जगू द्यावं.

ही सगळी मतं एका पत्र्याच्या ट्रंकेतून आलेली आहेत.

अप्पा, म्हणजे माझे वडील, गवंडी होते. करजगीच्या पुढं, भीमेच्या काठाला आमचं गाव. जयंती आली की अप्पा थापी-ओळंबा बाजूला ठेवायचे, ट्रंक सायकलच्या मागं बांधायचे आणि गावोगाव पुस्तिका विकत फिरायचे. आठ पानी, सोळा पानी, गुलाबी नाहीतर पिवळ्या मुखपृष्ठाच्या. शाळेत मला कन्नड शिकवलं, मराठी मी त्या ट्रंकेवर बसून शिकलो. इतर पोरं चिऊकाऊच्या गोष्टी वाचत होती तेव्हा मी देव कुणी निर्माण केला आणि कशासाठी, हे वाचत होतो. त्या पुस्तिकांतलं प्रत्येक वाक्य उभं राहून बोलायचं. मला अजूनही तसंच लिहायला आवडतं. सुट्टीच्या दिवशी त्या जुन्या पुस्तिका सुई-दोऱ्यानं पुन्हा शिवणं, खळ लावून त्यांना पुठ्ठा चढवणं हा माझा फोटोंशिवायचा एकमेव छंद.

आणि एक गोष्ट होती, जी दर जयंतीला आमच्या घरी सांगितली जायची. आमच्याकडच्या घरांत देव्हाऱ्यात टाक असतात. टाक म्हणजे अंगठ्याएवढा चांदीचा पातळ पत्रा, त्यावर ठशानं उठवलेलं एखाद्या देवाचं नाहीतर घरातल्या गेलेल्या माणसाचं चित्र. आमच्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली त्या वर्षी घरातले सगळे टाक फडक्यात बांधून भीमेत सोडून दिले. आजी काठावर उभी राहून थरथरत होती म्हणे, आणि दुसऱ्या दिवशी काहीच झालं नाही. गाय व्याली, भाकरी फुगली. हे 'काहीच झालं नाही' अप्पा अशा सुरात म्हणायचे की अंगावर काटा यायचा.

मी एकोणीस वर्षांचा होतो, कलबुर्गीला कॉलेजात. जयंतीसाठी गावी आलो होतो आणि त्या वर्षी मंचावर माझं भाषण होतं. ज्वारीच्या डब्यात माप शोधताना हाताला चिंधी लागली. चिंधीत टाक. मी तो मायसमोर धरला. माय चुलीपुढं होती. मी विचारलं, हा कुणाचा देव आपल्या घरात? ती म्हणाली, असू दे, ठेव. मी पुन्हा तेच विचारलं, जरा चढ्या आवाजात. ती काही बोलली नाही. दारात अप्पा उभे होते, तेही काही बोलले नाहीत. मला वाटलं, चोरी पकडली गेली म्हणून माय गप्प आहे आणि बायकोची चोरी ऐकून अप्पांची मान खाली गेली आहे.

नदी आटत आली होती. बंधाऱ्याखाली डोह तेवढा होता. मी त्यात टाक फेकला आणि जयंतीच्या भाषणात हेच सांगितलं. आजोबांनी टाक सोडले, पण एक देव चिंधीत लपून राहिला होता, तो नातवानं हुडकला. टाळ्या पडल्या. माय बायकांत पुढंच बसली होती. नंतर पोरांनी ते भाषण चार पानी पत्रक करून छापलं. माझं नाव पहिल्यांदा छापून आलं ते त्यावर.

जयंतीनंतर तीन दिवस अप्पा पहाटे नदीवर जात होते. कोळ्याचं जाळं मागून नेलं होतं. उन्ह चढलं की चार-दोन मासे घेऊन घरी. मला गंमत वाटली. या माणसानं उभ्या आयुष्यात मासा पकडला नव्हता. मी म्हणालो, अप्पा, आता भाषणं मी करतो म्हणून तुम्ही धंदा बदललात काय? ते हसले. तीन दिवस आम्ही मासे खाल्ले. मायनं कालवण छान केलं होतं, मला आठवतं, कारण मी दोनदा मागून घेतलं.

अप्पा तीन वर्षांपूर्वी गेले. माय आता आमच्याजवळ असते.

तर रविवारी मी फोटो पुसत होतो. माय शेजारी शेंगा फोडत होती. तिनं थोडा वेळ पाहिलं आणि विचारलं,

"पुसायलास कामून?"

मी सांगितलं की एकसारखे चाळीस आहेत, एक ठेवला तरी पुरे, बाकीचे नुसते जागा खातात. तिनं शेंगा फोडायचं थांबवलं नाही.

"एक बी नसलं म्हंजे कळतंय."

मला वाटलं, ती अप्पांबद्दल बोलते आहे. अप्पांचे फोटो कमीच आहेत. मी तसं म्हणालो. ती म्हणाली, त्यांचे हायत की, भिंतीवर हाय एक. तुझ्या अक्काचं म्हणायले.

माझ्याआधी एक बहीण झाली होती, एवढं मला ठाऊक होतं. ती तापानं गेली, हेही ठाऊक होतं. आमच्या घरात तिच्याबद्दल यापेक्षा जास्त कधी कुणी बोललं नाही आणि मीही विचारलं नाही. ती माझ्यासाठी एक वाक्य होती. त्या दुपारी मायनं मला सांगितलं की ती सव्वादोन वर्षांची होती. जत्रेत फोटोवाला येतो, तिथं तिचा फोटो काढायचा ठरलं होतं, मायनं त्यासाठी फ्रॉकसुद्धा शिवून ठेवला होता. जत्रेच्या आठ दिवस आधी ती गेली.

"मग तुझ्या अप्पानंच मला सायकलवर अफजलपूरला नेलं," माय म्हणाली. "सोनाराकडं."

तिथून पुढचं तिनं असं सांगितलं की जणू ते काल घडलं होतं. लेकराच्या पायातले वाळे होते, तेच सोनाराला दिले. सोनाराकडं ठसे होते घोड्यावरच्या पुरुषाचे, देवीचे, नवराबायकोच्या जोडीचे. लहान पोरीचा ठसाच नव्हता. असलं काम होत नाही म्हणाला. अप्पा दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. जे दर जयंतीला सांगत होते की टाक म्हणजे गुलामी, ते सोनाराच्या पायरीवर दुपारभर बसून राहिले. शेवटी सोनारानं मुलीचा टाक हातानं, खिळ्यानं टोचून टोचून केला. माय त्याला सांगत होती: तोंड गोल. कपाळ मोठं. डोक्यावर दोन शेंड्या, मी दोऱ्यानं बांधायची.

"देव न्हवता बाबा त्यो," ती म्हणाली. "हळद न्हाई लावली कधी, कुंकू न्हाई. जत्रेआधी चिंचेनं घासून ठेवायची, बस."

मी विचारलं की मग त्या दिवशी का सांगितलं नाहीस. विचारताना माझा आवाज पुन्हा चढला होता, हे मला जाणवलं.

"तू इचारलास, कुणाचा देव. कोण हाय म्हणून इचारला असतास तर सांगितले असते."

आणि अप्पा? त्यांना ती त्याच संध्याकाळी म्हणाली होती की पोराला सांगा. अप्पांनी उत्तर दिलं होतं, त्यो करायलाय ते मीच शिकवलंय, आता कुठल्या तोंडानं सांगू. आणि तीन दिवस नदीला गेले. जाळं नुसतं लोकांना दाखवायला. कंबरभर पाण्यात उभं राहून ते पायानं गाळ चाचपायचे. मासे जाळ्यात आपले आपण यायचे.

मी मासे दोनदा मागून घेतले होते.

इथं मला एक गोष्ट स्पष्ट लिहायची आहे, नाहीतर कुणी याचा सोयीचा अर्थ काढेल. मी आजही देव मानत नाही. आजोबांनी जे नदीत सोडलं ते सोडण्यासारखंच होतं, त्या ओझ्याखाली पिढ्या वाकल्या होत्या. विचार चुकीचा नव्हता. मी चुकलो. पुस्तिकांनी मला प्रश्न विचारायला शिकवलं आणि मी आईला उत्तर आधीच ठरवून प्रश्न विचारला. यात कुठल्याही पुस्तिकेचा दोष नाही. दोष पुस्तिकेवर ढकलून मोकळं होता आलं असतं तर बरं झालं असतं.

मी त्या दुपारी जे सुचलं ते करायला लागलो. छापखान्यात फोटोंवर काम करतो, म्हणून म्हणालो, तू सांग, मी चित्र करून घेतो. माझ्या मुलीचेच फोटो समोर धरले. आत्यावर गेली असेल तर? हा बघ. कपाळ असं होतं? डोळे? माय एकेक फोटो नीट, लांब धरून पाहत होती. बराच वेळ तिनं पाहिलं. मग फोन माझ्या हातात दिला.

"ही ही हाय. ती न्हाई."

मग शेंगांची टरफलं पदरात गोळा करता करता, जराही रडू न येता, ती म्हणाली की तिला आता लेकराचं तोंड आठवत नाही. बऱ्याच वर्षांपासून आठवत नाही. टाकावरचं तेवढं आठवायचं, आता तेही पुसट होत चाललंय. शेंड्या उभ्या होत्या का बाजूला, तेही सांगता येत नाही.

मी फोन बाजूला ठेवला.

पदर झटकून तिनं विचारलं, "तुझा त्यो कागद हाय का? भाषणाचा?"

मला आधी कळलं नाही. मग कळलं. ते पत्रक ट्रंकेत होतं. मीच त्याला दोन वर्षांपूर्वी जाड पुठ्ठा चढवला होता, आपलं पहिलं छापील म्हणून. त्या पत्रकात मी त्या टाकाची टिंगल केली होती आणि टिंगल नीट व्हावी म्हणून त्याचं बारकाईनं वर्णन केलं होतं. एकोणीस वर्षांच्या पोराच्या डोळ्यांतून काही सुटत नाही. मायनं ते मंचासमोर बसून एकदाच ऐकलं होतं. तिला वाचता येत नाही.

मी ट्रंक उघडली. पत्रक काढलं. दुसऱ्या पानावर होतं. मी वाचायला लागलो, आणि जिथं लागेल असं होतं तिथं शब्द गाळत, सावरत वाचू लागलो. तोंड भाकरीसारखं गोल. कपाळ अर्ध्या तोंडाएवढं. डोळ्यांच्या जागी दोन टोचे, एक वर, एक जरासा खाली. ओठांची रेघ डावीकडं चढलेली.

"व्हय," माय म्हणाली. "डावीकडंच. हसली की तसंच व्हायचं."

मी पुढं गेलो. डोक्यावर दोन शेंड्या, असं वाचलं.

"तसं न्हाई लिवलास तू," ती म्हणाली. "लिवलास तसं वाच."

आत मुलगी कूस बदलत होती, तिचा आवाज आला. मायनं हात माझ्या गुडघ्यावर ठेवला, घाई नाही अशा रीतीनं.

मी लिहिलं होतं तसं वाचलं. डोक्यावर बकरीच्या पिल्लासारखी दोन शिंगं, सरळ उभी, टोकाला जराशी बाहेर झुकलेली.

"उभ्या होत्या तर," माय म्हणाली. डोळे मिटून तिनं दोन्ही हातांची बोटं हवेत धरली, दोरा बांधताना धरतात तशी. मग म्हणाली, "फिरून वाच."