अर्धा तास आणि एक फेटा

देवणीच्या मन्मथ धनुरेची गोष्ट सांगायची तर आधी बैलाची सांगावी लागते. त्याचे वडील लक्ष्मणराव. त्यांचा देवणी जातीचा वळू एका वर्षी प्रदर्शनात पहिला आला, पेपरात फोटो छापून आला, आणि गावानं मालक नि वळू दोघांनाही फेटे बांधून बाजारपेठेतून मिरवलं. वळूचा फेटा शिंगात असा गुंतला, की दोन दिवस निघाला नाही. त्याच महिन्यात मन्मथ गोव्याच्या एका क्लबाकडून करारावर खेळायला गेला होता. ते मात्र गल्लीतल्या लोकांनाही कळलं नाही.

पुणे, गोवा, कोलकाता अशी बारा वर्षं तो फुटबॉलवर जगला. जागा बचावफळीत, मधोमध. गोल मारणाऱ्याचं नाव होतं, अडवणाऱ्याचं कोण घेतो? सुट्टीला आला की पारावर कोर्टासारखी ठरलेली पेशी असायची.

"काय रे मन्मथ, मॅच बघितली आम्ही. तू कुठं दिसला न्हाईस?"

"बाकावर होतो, काका."

"बसायचाबी पगार देतात व्हय! लई भारी नोकरी हाय की."

मन्मथ हसायचा आणि घरी येऊन जेवायचा नाही. आई, सरस्वतीबाई, एवढंच म्हणायची, "बैलाला फेटा बांधला गावानं. माझ्या लेकराला कधी बांधतील?"

तेहतिसाव्या वर्षी गुडघ्यानं दगा दिला आणि मन्मथ नांदेडच्या गोदाकाठ क्लबाचा मॅनेजर झाला. संघ निवडायचा, डावपेच आखायचे, असं त्याला वाटलं होतं. पण पहिल्याच आठवड्यात मैदानातल्या म्हशी हाकणं, फक्कीच्या रेघा मारणं आणि पाहुण्यांसाठी खुर्च्या सावलीत मांडणं, हे सगळं त्याच्याच गळ्यात पडलं.

क्लबाचे अध्यक्ष हणमंतराव, हदगावचे जिनिंगवाले. मनानं राजा माणूस. खेळाडूंना बूट, जेवण, प्रवास, कशालाच कधी नाही म्हटलं नाही. पण सत्कार केल्याशिवाय त्यांच्या हातून काडी हलत नसे. गोलच्या नव्या जाळ्या आल्या तेव्हा जाळ्या देणाऱ्याचा सत्कार झाला, बांधणाऱ्याचा झाला, आणि त्या दिवशी सराव झालाच नाही. 

दुसऱ्या वर्षी प्रकरण गळ्याशी आलं. हंगामातला शेवटचा सामना घरच्या मैदानावर, लातूरच्या संघाशी. बरोबरी झाली तरी गोदाकाठ राज्य लीगमध्ये राहणार होता. हरला तर परत जिल्हा लीग, जिथं मोठ्या क्लबाचा माणूस खेळाडू बघायला फिरकतही नाही. कर्णधार शिवशंकर भोकरचा, तेवीस वर्षांचा. पोरात धमक होती, पण हेच वर्ष गेलं तर मग त्याला कोण विचारणार? मन्मथला हे स्वतःच्या गुडघ्याइतकं ठाऊक होतं.

चार दिवस आधी तो अध्यक्षांच्या घरी गेला. "साहेब, सामना साडेतीनचा. अर्ध्या तासाच्या वर उशीर झाला, तर नियमानं समोरच्याला तीन-शून्य देतात. सत्कार मॅचनंतर करू."

"हाव, हाव. नंतरच." हणमंतरावांनी चहा पुढं केला. "तू काळजी करून राहिलास फुकट."

रविवारी सव्वातीनला मन्मथ पोरांना डावपेच सांगून खोलीतून मैदानावर आला. एका बाजूला स्टेज, आणि स्टेजपुढच्या खुर्च्या थेट मैदानात, गोलच्या चौकटीपर्यंत. माईकवर भागवत सर. हे सर एकदा बोलायला लागले की शेरावर शेर येतात आणि पाहुण्यांची नावं मागं पडतात. त्यांनी पुकारलं, "आजचे सत्कारमूर्ती... आपले मन्मथ धनुरे!"

मन्मथ धावत अध्यक्षांकडं गेला. "साहेब, नंतर ठरलं होतं ना!"

"अरे, मॅच झाल्यावर कोण थांबतंय? तुझा सत्कार रिकाम्या खुर्च्यांपुढं करू काय? वर बघ जरा."

वर आई बसली होती. नवं लुगडं, शेजारी लक्ष्मणराव. देवणीहून खास गाडी पाठवून आणवलं होतं दोघांना. तिचे डोळे भरले होते. मन्मथचे पाय आपोआप पायऱ्या चढले.

शाल झाली. श्रीफळ झालं. प्रमुख पाहुण्यांनी फुटबॉलचे फायदे सांगितले, त्यात व्हॉलीबॉलही आला. लातूरचे प्रशिक्षक विरूपाक्ष यांनाही वर बोलावून शाल दिली. लीगच्या सामना अधिकाऱ्यांनाही दिली. त्यांनी ती नीट घडी करून मांडीवर ठेवली आणि घड्याळ पाहिलं. तीन पन्नास.

"आता फेटा!" सर गरजले.

फेटा बांधणारा व्यंकटी, आपल्या कामात लई कडक माणूस. त्यानं बांधला, दोन पावलं मागं सरून बघितला आणि सगळा सोडला.

"आता काय झालं?" मन्मथ ओरडलाच.

"तुरा बसून राहिला हो. असा फोटो आला तर माझं नाव जाईल."

"माझा क्लब जाऊन राहिला, व्यंकटी!"

"मान हलवू नका."

खाली शिवशंकर आणि पोरं खुर्च्या उचलून बाहेर फेकत होती. पाहुण्यांची माणसं त्या परत आणून मांडत होती. मन्मथनं आईकडं बघितलं. ती हात जोडून बसली होती, देवापुढं बसावी तशी. आणखी एक मिनिट तो थांबला. मग अर्ध्या फेट्यानिशी त्यानं स्टेजवरून उडी मारली. मागं चार हात कापड, गुडघ्यात कळ, आणि लोकांच्या टाळ्या. लोकांना वाटलं, हाही कार्यक्रमच.

शेवटची खुर्ची हलली तेव्हा चार वाजून तीन मिनिटं झाली होती.

"साहेब, आम्ही तयार आहोत खेळायला," विरूपाक्ष स्वतः म्हणाले.

"मला वाईट वाटतं," अधिकारी म्हणाले. शाल काखेत धरूनच त्यांनी कागदावर सही केली. तीन-शून्य.

पब्लिक जमलं होतं म्हणून दोन्ही संघ तसेच खेळले. गोदाकाठ दोन-एकनं जिंकला, दोन्ही गोल शिवशंकरचे. फटाके वाजले, हणमंतरावांनी पेढे वाटले. क्लब जिल्हा लीगमध्ये गेला हे महिनाभर कुणाला पटेना. "जिंकलो की आपण!" जो भेटेल तो मन्मथला हेच ऐकवायचा, आणि तो नियम समजावता समजावता घसा कोरडा करून घ्यायचा. घरी आईनं सत्काराचा फोटो भिंतीवर लावला, वळूच्या फोटोशेजारी. वळूचा फेटा पूर्ण होता.

पुढच्या हंगामाचं वेळापत्रक ठरवताना मन्मथनं घरचे सामने सकाळी सातला मागून घेतले. जिल्हा लीगमध्ये ते चालतं.

पहिल्या सामन्याला प्रेक्षकांत सरस्वतीबाई, लक्ष्मणराव आणि दोन म्हशी. शिवशंकरनं सहालाच रेघा मारल्या होत्या. संघ उभे राहिले. तेवढ्यात पुलाकडून हणमंतरावांची जीप येताना दिसली. टपावर भोंगा बांधलेला, खिडकीतून भागवत सरांचा हात बाहेर.

मन्मथ पंचाकडं वळला. "शिट्टी मारा, साहेब."

"अजून चार मिनिटं हायत की."

मन्मथनं समोरच्या संघाच्या प्रशिक्षकाकडं बघितलं. त्यानं एकदा जीप बघितली आणि मान डोलावली.

"मारा," मन्मथ म्हणाला.