आमच्या कोरफडीची जलसमाधी

मित्रहो, अत्यंत दुःखाने कळवतो की गच्चीवरची आमची कोरफड आज सकाळी जलसमाधी घेऊन कैलासवासी झाली. सगळा उन्हाळा उघड्यावर हसत काढलेली, ती मुळाशी कुजून गेली.

अंबडात नळ कित्येक दिवसांनी येतो; तो आला की आधीचं साठवलेलं शिळं पाणी झाडांना ओततात. आज बघतो तर वडील, म्हणजे आमचे अण्णा, टाकीतली शेवटची बादली कुंडीत ओतून राह्यलेले.

"अण्णा, हे काय?"

"नळ आल्ता ना आत्ता. संस्कृत शिकवतो अन् नळाचा आवाज ऐकू येत न्हाई तुला."

नळ येऊन आठ दिवस झालेत. अण्णांच्या लेखी मात्र तो रोज सकाळी येतो.

आज शाळेत गेलो नाही. त्यांना एकटं सोडून उद्या तरी कसं जाऊ, कळत नाही. मी घाबरलोय.