मठपती मामांच्या नावावर राहिलेली माझी चूक

मठपती मामा विसराळू नव्हते.
खोटारडी मी आहे.

काल मामा गेले, लिंगैक्य झाले. आज त्यांच्या गावी, चाकूरला माती झाली. सकाळपासून आमच्या बॅचच्या ग्रुपवर मेसेज येतायत. "थोडे विसरभोळे, पण देवमाणूस!" खाली हात जोडलेले.

ते वाचून मी फोन उलटा ठेवला.

लातूरच्या आमच्या कॉलेजात मामा विंड टनेल लॅबचे अटेंडंट होते. विंड टनेल म्हणजे मोठ्या पंख्याचा बोगदा. आत दांड्यावर विमानाचं मॉडेल बसवायचं, वारा सोडायचा आणि तो मॉडेलला किती मागे ओढतो ते मोजायचं. ती ओढ म्हणजे ड्रॅग. कॉम्प्युटरने सांगितलेला ड्रॅग खरा की नुसत्या गप्पा, ते तिथं कळायचं.

मामांचा नियम एकच. आधी नुसत्या दांड्याचं रीडिंग. वारा दांड्यालाही ओढतो, तेवढं वजा करायलाच हवं.

प्राध्यापकांनाही सोडायचे नाहीत.
"सर, दांडा आधी. इमान मग."

फायनल इयरला माझं प्रोजेक्ट होतं फवारणीच्या छोट्या विमानाचं. बेंगळुरूची नोकरी हातात होती, पण रिझल्ट वेळेत लागला तरच.

व्हायवाच्या आदल्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मामांना बहिणीकडे कंधारला जावं लागलं. लॅबची किल्ली कुणालाच न देणारे मामा ती माझ्या हातात देऊन गेले.

"दांड्याचं घेशील नं गं?"
"हाव मामा."

मी घाईत मॉडेलच आधी लावलं. पहिलंच रीडिंग कॉम्प्युटरच्या आकड्याशी तंतोतंत जुळलं! एकटीच नाचले.

मग दांडा मोजायचा धीरच होईना. वजा केलं की जुळलेलं बिघडणार, हे मला कळत होतं.
हो, कळत होतं.

दुसऱ्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी रिपोर्ट चाळला.
"दांड्याचं रीडिंग कुठंय?"

 एचओडी सर माझ्याकडे बघत होते. मी मामांकडे.

मामा सकाळीच कंधारहून परतले होते, स्विचबोर्डजवळ उभे होते. त्यांनी एकदा माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांना सगळं समजलं.

"सर, ते माझ्याकडनं राहिलं. पोरगी म्हणली होती. मीच इसरलो."

खरं बोलायला तेवढा वेळ होता मला.
नोकरी आठवली. गप्प बसले.

परीक्षकांनी तिथल्या तिथं नुसता दांडा मोजायला लावला. मामांनी पंखा सुरू केला. आकडा स्थिर झाल्यावर मी तो लिहून घेतला.

जवळपास चौथा हिस्सा एकट्या दांड्याचा निघाला. म्हणजे कॉम्प्युटरने ड्रॅग जास्त सांगितला होता आणि दांड्याच्या ओढीनं ती चूक झाकली होती.

परीक्षक उलट खूश झाले. "टनेल असतो कशाला? आता चूक शोधा, संध्याकाळपर्यंत लिहून द्या."

मी पास झाले.

आणि मामांकडून कॉलेजनं आठवड्याभरात लॅबची किल्ली काढून घेतली. रिटायर होईपर्यंत ते परीक्षा विभागात पेपरचे गठ्ठे बांधत बसले.

बेंगळुरूला निघायच्या दिवशी भेटायला गेले, तेव्हा मामांनी नेहमीसारखा 'शरणार्थी' म्हणत नमस्कार केला आणि हसत म्हणाले, "तिकडं मोठ्या टनेलवर नीट मोज माय."
मी मान डोलावली. माफी मागितली नाही. लाज वाटत होती, आणि भीतीही.

आज दुपारी त्यांच्या लेकीला फोन केला. रडत म्हणाली, "ताई, बाबा लई साधे होते हो. त्या एका चुकीपायी लॅब सुटली. शेवटपर्यंत आईला म्हणायचे, माझंच चुकलं."

घरीसुद्धा खरं सांगितलं नव्हतं त्यांनी.

मी सगळं सांगितलं. किल्लीपासून.

 मला वाटलं, आता फोन ठेवेल. ठेवला असता तरी चाललं असतं.

मग ती म्हणाली, "थांबा, आईला देते. हे तिलाबी सांगा."

सांगितलं.

मामा, शरणार्थी.