बर्फाच्या गावी एकदाच विचारतात

शुक्रवारी सकाळी साडेसहाला आमची गाडी फ्रीमाँटच्या घरून निघाली, तेव्हा डिकीत कुठे काय आहे हे फक्त मला ठाऊक होतं. सामान भरलं मंदारने, पण यादी माझी. लोकरीचे मोजे माणशी तीन, सुती एकही नाही. चाकांच्या साखळ्या सगळ्यात वर, कारण त्या लागतात तेव्हा आधी बॅगा रस्त्यावर उतरवायला कुणाला वेळ नसतो. गॉगल, ओठांचं मलम, थालीपिठाची भाजणी, शेंगदाण्याची चटणी.

मंदार माझा मुलगा. कल्याणी सून, नागपूरची, आणि ईरा नात, नऊ वर्षांची. दर दोन वर्षांनी मी नाशिकहून यांच्याकडे येते आणि हिवाळा काढून परत जाते. दिवाळीनंतर एकदा जेवताना बर्फात जायचं ठरलं. मंदार हसत म्हणाला, “आई, प्लॅनिंग तू कर. इथे वेळ फक्त तुला आहे.” त्याने ते गमतीने म्हटलं. मी काही ते गमतीने घेतलं नाही.

मी शिकले मॅट्रिकपर्यंत. पुढचं सगळं बघून बघून, विचारून विचारून. ब्लाउज शिवायला अशीच शिकले, बँकेचे फॉर्म भरायला अशीच शिकले, तसंच हेही. ईराच्या जुन्या टॅबलेटवर व्हिडिओ बघितले, तिथल्या वाटांचा नकाशा वहीत काढला. डोंगरावरून भरधाव खाली येतात ते स्की वेगळं आणि क्रॉस-कंट्री स्की (सपाटीवर बर्फातून पाय घसरवत लांबवर चालत जाणं) वेगळं, हे मला कळलं तेव्हा अहो, मी एकटीच हॉलमध्ये हसले. म्हणजे हे चालणंच की! यात बुटाचा पुढचा भाग फक्त अडकवलेला, टाच मोकळी. काठ्या दोन. आणि सत्तरीपुढच्यांना तिथे पास फुकट. मी एकाहत्तर.

आता खरं सांगते. माझा उजवा गुडघा परत गेल्यावर बदलायचाय, डॉक्टरांनी एप्रिल सांगितलाय. मी त्यांना फोन करून विचारलं होतं, बर्फात सपाटीवर घसरत चाललं तर चालेल का? ते म्हणाले, जिने उतरण्यापेक्षा ते बरं, फक्त पडू नका, आणि ऑपरेशननंतर मात्र हे विसरा. म्हणजे हाच एक हिवाळा. तीन महिने मी रोज घराजवळच्या तळ्याला चक्कर मारली, आधी अर्धी, मग पूर्ण, मग दोन. मंदारला वाटलं, आईची शुगर कमी होतेय, चांगलंय.

सॅक्रमेंटोपर्यंत सपाट मुलूख. बदामाच्या बागा फुलल्या होत्या, दोन्हीकडे पांढऱ्या. मग चढ सुरू झाला, पाइनची झाडं आली, मग झाडांखाली मळकट ढिगारे दिसले. ईरा म्हणाली, “आजी, लुक, स्नो!” मला तो आधी कुणीतरी टाकून दिलेला थर्माकोल वाटला. अर्ध्या तासाने मात्र झाडंच्या झाडं पांढऱ्या ओझ्याने वाकलेली दिसायला लागली.

घाटाच्या अलीकडे चेन कंट्रोल (साखळ्या लावल्याशिवाय गाडी पुढे सोडत नाहीत ती चौकी) लागला. मंदार गुडघ्यावर चिखलात बसून साखळीशी झटत होता. मी खिडकीतून सूचनांचा कागद वाचून दाखवत होते.

“आई, उलटं सांगतेयस!”

“मी बरोबर सांगतेय, तू उलटी धरलीयेस.”

उलटी त्यानेच धरली होती. शेजारच्या गाडीतला दाढीवाला खाली उतरला आणि त्याने दोन मिनिटांत दोन्ही चाकं बांधून दिली. मी त्याला दशमी आणि चटणी दिली. “नो नो, आय ॲम गुड,” तो म्हणाला. मी ती सरळ त्याच्या हातात कोंबली. पुन्हा नको म्हणाला, पुन्हा कोंबली. मग तिथेच उभ्याने खाल्ली त्याने, बोटं चाटत.

मंदार गाडीत बसत म्हणाला, “आई, इथे असं फोर्स नसतं करायचं. तो नो म्हणाला होता ना?”

“खाल्ली की नाही त्याने?” मी म्हणाले.

दुपारी दोनला ट्रकी गावात पोचलो. एकच मोठी पेठ, विटांची जुनी दुकानं, शेजारून रेल्वेचे रूळ. एक मालगाडी चालली होती ती आम्ही पार्किंग शोधेपर्यंत संपलीच नाही. फुटपाथच्या कडेला माझ्या उंचीच्या बर्फाच्या भिंती. माणसं खांद्यावर स्की टाकून अशी चालत होती, जशी आपल्याकडे भाजी घेऊन येतात. छपरांच्या कडांना बर्फाच्या, काचेसारख्या काकड्या लोंबत होत्या.

भाड्याने घेतलेली केबिन लाकडाची, ऊबदार. मंदार आणि कल्याणी सामान लावत होते, म्हणून उद्याची चौकशी करायला मी ईराला घेऊन दहा मिनिटांवरच्या स्की सेंटरवर गेले. टेबलामागे लोइस नावाच्या बाई होत्या. माझ्याहून मोठ्याच असाव्यात. केस कापसासारखे, गालांवर उन्हाचे डाग. मी माझी वही उघडली. त्यांनी चष्मा वर केला आणि माझ्या वहीतला नकाशा बघितला.

“हा तुम्ही काढला?”

“हो.”

“हिरवी, सोपी वाट बरोबर निवडलीत,” त्या म्हणाल्या. “कुरणातून जाते, पुढे शेकोटीची झोपडी आहे. पण ओढ्याशी हा उतार दाखवलाय ना, तिथे स्की काढून चाला. त्यात कमीपणा नाही. मी स्वतः काढते.” मग माझ्या पायांकडे बघून म्हणाल्या, “सहा नंबर?”

साडेसहा निघाला. त्यांनी बूट आणले, मला बाकावर बसवून नाड्या आवळून दिल्या, आणि एक जोडी स्की तिथल्या गालिच्यावरच मांडली. “पंजा पुढे करा. दाबा.” खट् आवाज झाला. मग दुसरा. मी उभी राहिले. त्यांनी हात सोडला.

“आजी, यू आर डुइंग इट!” ईरा ओरडली.

काय करत होते? काहीच नाही. जाजमावर उभी होते. पण गुडघा गप्प होता आणि मला त्या स्कीवरून उतरावंसं वाटेना. लोइसबाई म्हणाल्या, उद्या सकाळी दहाला नवशिक्यांचा वर्ग आहे, शनिवारी जागा लवकर भरतात, आज संध्याकाळीच ऑनलाइन नाव लावा. मी म्हटलं, लावते.

संध्याकाळी मी थालीपिठं लावली आणि पहिल्याच थालीपिठाच्या धुराने छताला लावलेला इशाऱ्याचा भोंगा बोंबलायला लागला. मंदार खुर्चीवर चढून त्याला टॉवेलने वारा घालत होता, कल्याणी खिडक्या उघडत होती, बाहेरचा बर्फाळ वारा आत आणि आम्ही हसून हसून बेजार. एवढा वेळ छान गेला, हे लिहायलाच हवं.

जेवण झाल्यावर कल्याणी लॅपटॉप घेऊन बसली. “मंदार, मी, ईरा,” ती नावं टाकत होती. मग वर बघून म्हणाली, “आई, तुमचंही करू का बुक?”

आणि माझ्या तोंडून गेलं, “नको गं. मला कशाला या वयात? तुम्ही करा मजा.”

कुणी म्हणेल, वेडी की काय ही बाई. तीन महिने तळ्याला चकरा कशाला मारल्या मग? पण आमच्याकडे पहिल्या विचारण्याला कुणी हो म्हणायचं नाही, ही रीतच. पाहुण्याने चहाला पहिल्यांदा नको म्हणायचं. यजमानाने म्हणायचं, असं कसं. दुसऱ्यांदा थोडं कमी नको. तिसऱ्यांदा कप हातात. सासरी पहिल्या वेळेला ताट पुढे करणारीला हावरी म्हणायचे. पहिलं नको हे काही उत्तर नसतं हो, ते नुसतं दार लोटलेलं असतं, कडी लावलेली नसते. मी म्हणाले आणि वाट बघत थांबले.

“ओके आई, नो प्रॉब्लेम,” कल्याणी म्हणाली, आणि तिने बटण दाबलं.

“बट आजी ट्राइड द बूट्स!” ईरा म्हणाली. “आजी, यू वाँटेड टू! कम ना, प्लीज!”

त्या पोरीला कुणी शिकवलं नव्हतं, पण ती बरोबर तेच करत होती, जे करायला हवं होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात मंदार म्हणाला, “ईरा. आजी सेड नो. कुणी नो म्हटलं की आपण काय करतो?”

ईराने मान खाली घातली. “वी डोन्ट पुश.”

“गुड गर्ल.”

मी भांडी घासायला उठले.

सकाळी मी लोकरीचे मोजे घालून बसले होते. दोन जोड्या, एकावर एक. कुणीतरी खाली बघेल असं वाटलं. ईराचा एक हातमोजा सापडेना, तो शोधला, पाण्याच्या बाटल्या मीच भरून दिल्या. वहीतलं नकाशाचं पान मंदारने मागितलं, तेही फाडून दिलं. दारात कल्याणी म्हणाली, “आई, फायरप्लेस चालू ठेवलीय, तुम्ही आराम करा हं.” तिच्या बोलण्यात माया होती. खोट काढायला जागाच नव्हती, तेच तर अवघड.

तासभर मी त्या आगीसमोर बसले. मग कोट चढवला आणि स्वतःच निघाले. घसरत, भिंती धरत पोचले. लोइसबाईंनी मला बघून हात वर केला. “कालपासून वाट बघतेय! तुमचं नाव यादीत दिसलं नाही.” त्यांनी तरी यादी पुन्हा बघितली, वरून खाली. वर्ग भरला होता. साडेसहाचे बूट सगळे बाहेर गेले होते. त्यांनी एक नंबर मोठा बूट आणला, पण माझी टाच आतच उचलली जात होती. “या बुटात पाठवलं तर पडाल,” त्या म्हणाल्या. “काल फोन केला असतात तर मी जोडी बाजूला ठेवली असती. का नाही केलात?”

त्यांना काय सांगणार? इंग्रजीत तर नाहीच, मराठीतही मला सांगता आलं नसतं.

मी कुंपणाशी जाऊन उभी राहिले. समोर कुरण, इतकं पांढरं की डोळ्यांत पाणी यावं, आणि त्यावर यंत्राने पाडलेल्या दोन दोन समांतर रेघा, थेट झाडांपर्यंत. माणसं त्या रेघांतून आवाज न करता चालली होती. त्यांत आमची तिघं. मंदार लाकडासारखा ताठ. कल्याणी पडली, ईरा तिच्यावर पडली, दोघी उठेनात, हसण्याचा आवाज कुंपणापर्यंत आला. माझ्याच वयाची एक बाई त्यांच्या शेजारून सरकत पुढे गेली, लाल टोपीवाली. ती झाडांत दिसेनाशी होईपर्यंत मी तिच्याकडे बघत राहिले. मग, कुणी मला बघायच्या आत, वळले.

दुपारी ते परत आले तेव्हा तिघांचे गाल टोमॅटोसारखे. “आई, तुझी वाट एक नंबर!” मंदार म्हणाला. “ती झोपडी, तो ओढा, सगळं तू लिहिलंस तस्सं. तू पाहिजे होतीस यार!” मी गरम पिठलं वाढलं. पाहिजे होतीस म्हणे.

रविवारी वादळाचा अंदाज होता, म्हणून सकाळीच निघालो. बर्फ बाजूला सारणाऱ्या गाडीच्या मागे सगळी रांग गोगलगायीसारखी चालली होती. ईरा झोपली. मंदारने आरशातून विचारलं, “आई, मजा आली ना?”

“नाही,” मी म्हणाले.

त्याला वाटलं, मी चेष्टा करतेय. मग त्याने आरशात नीट बघितलं. “का गं? काय झालं?”

“मला यायचं होतं. बूट घालून बघितले होते मी.”

“अगं पण मग नको का म्हणालीस? कल्याणीने विचारलं ना तुला!”

“एकदा विचारलं.”

“म्हणजे? तीनदा विचारायला हवं होतं?”

“तीनदा नाही रे. दोनदा पुरलं असतं.”

मंदारने वायपरचा वेग वाढवला. कल्याणी खिडकीबाहेर बघत होती. मग तो म्हणाला, “आई, मी तुझ्या शब्दाचा मान ठेवला. इथे आम्ही तेच शिकलो. आणि तुझ्या गुडघ्याची भीती होतीच मला, खोटं कशाला बोलू? तू नको म्हणालीस तेव्हा मला बरंच वाटलं.”

हे मात्र लागलं. कारण मग ते नको एकटं माझं नव्हतं. मी लोटलेल्या दाराला आतून कुणीतरी कडी लावली होती, आणि ती लावणाऱ्याला वाटत होतं, हा मान आहे.

“पुढच्या वर्षी नक्की, आई,” तो म्हणाला. मी एप्रिलच्या ऑपरेशनचं काही बोलले नाही. त्याला माहीत होतंच, फक्त त्याने ते आणि हे कधी शेजारी ठेवून बघितलं नव्हतं.

यालाही पंधरा दिवस झाले. येत्या गुरुवारी माझं विमान आहे. प्रवासाला निघणाऱ्या माझ्या वयाच्या बायकांना मी मोजे, मलम, साखळ्या सगळं सांगितलं. आणखी एकच सांगते, जे मला कुठल्या व्हिडिओत सापडलं नाही. ज्या घरी आता एकदाच विचारतात तिथे पहिल्या खेपेलाच हो म्हणा. लाज वाटेल, वाटू द्या. मला ते सांगता येतं, करता येईल की नाही ठाऊक नाही, कारण मंदारने आपल्या परीने सुधारणा केलीय. काल रात्री जेवताना त्याने विचारलं, “आई, पोळी?” मी सवयीने नको म्हणाले. त्याने हात थांबवला, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा विचारलं, “नक्की?” मी गप्प राहिले. त्याने डबा बंद केला आणि फोन हातात घेतला. दोनदा विचारून झालं होतं.