घरच्या बाईची साक्ष

त्या कार्यक्रमाच्या नावात दोन इंग्रजी शब्द होते, एक हिंदी होता आणि शेवटी उद्गारचिन्ह. नाव लिहीत नाही, कारण कोणीतरी शोधायला जाईल आणि त्याचा वेळ फुकट जाईल. नोएडाच्या एका स्टुडिओत डझनभर पुरुषांनी बायकांचे कपडे घालून दर आठवड्याला काहीतरी करून दाखवायचं, तीन परीक्षकांनी गुण द्यायचे, देशाने मोबाइलवरून मतं पाठवायची आणि एकाने रडत घरी जायचं, असा तो प्रकार होता. परदेशात याला ड्रॅग म्हणतात आणि तिकडे म्हणे त्यात बंडखोरी असते. आपल्या वाहिनीने बंडखोरी तेवढी वगळून बाकीचं सगळं आयात केलं होतं. प्रायोजक कपडे धुण्याचा साबण होता.

मला हे इतकं तपशिलात ठाऊक आहे, कारण त्या डझनभरात माझा दीर होता.

आम्ही तेव्हा दिल्लीच्या द्वारकेत नुकतेच राहायला गेलो होतो. सोसायटीच्या फाटकाला रोमन पद्धतीचे खांब होते आणि नळाला पाणी नव्हतं. पाण्याचा टँकर त्या खांबांमधून आत यायचा आणि येता-येता थोडं प्लास्टर सोबत घेऊन जायचा. सगळ्या शहराचंच तेव्हा तसं चाललं होतं. जिथे काल सरसोंचं शेत होतं तिथे आज मॉल उभा राहत होता आणि मॉलमध्ये सरकत्या जिन्यासमोर माणसं एखाद्या विधीला उभी असल्यासारखी थबकून उभी असायची. दीर पुण्याहून गुडगावच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आला होता आणि आमच्याकडेच राहत होता. लग्नाचं वय उलटत चाललं होतं. सासूबाई पुण्याहून पत्रिका पाठवत. तो त्या नीट घडी करून परत पाठवायचा.

आपल्याला लग्न का करायचं नाही, हे त्याने मला एका रविवारी मटार सोलताना सांगितलं होतं. मी ऐकून घेतलं आणि सोललेल्या मटारांचा वाडगा त्याच्याकडे सरकवला. यापेक्षा मोठा प्रसंग घडला नाही. नवऱ्याला माहीत होतं, म्हणजे तो त्या विषयावर कधीच प्रश्न विचारत नसे. सासूबाईंना मात्र कोणी काही सांगितलं नव्हतं.

स्पर्धेत बाकीच्यांनी सिनेमातल्या नट्या केल्या, नागिणी केल्या. माझ्या दिराने एक मध्यमवयीन बाई केली. खळीच्या सुती साडीतली, चष्मा लावणारी, कुठल्यातरी कचेरीत खुर्चीवर बसून समोरच्याचा अर्ज वाचणारी. ती फारसं काही करायचीच नाही. चष्म्यावरून बघायची, पदर सारखा करायची, घड्याळ बघायची आणि म्हणायची, “कल आइए.” लोक हसून लोळायचे. ही बाई कोण, ते मी पहिल्याच भागात ओळखलं. नवऱ्यानेही ओळखलं, पण त्याला घरात राहायचं होतं. कचेरी माझी होती आणि साडी तर माझीच होती. ब्लाउज आणि त्याच्या पायाच्या मापाच्या चपला त्याने सरोजिनी नगरच्या बाजारात शोधून काढल्या होत्या.

परीक्षकांबद्दल काय सांगावं. एक कपडे शिवून घेणारा होता, म्हणजे स्वतः शिवत नसे. तो स्टुडिओच्या अंधारातही काळा चष्मा काढत नसे. एक जुनी नर्तिका होती, ती प्रत्येकाला “तुममें मुझे अपनी झलक दिखती है” असं सांगे. तिसरा विनोदवीर. तो विनोद व्हायच्या आधीच हसायचा, त्यामुळे विनोद झाला नाही तरी अडत नसे. त्यांचं ऐकताना दीर हात बांधून उभा राहायचा. मी विचारलं, हे सगळं तू कशासाठी सहन करतोस? तो म्हणाला, अंतिम फेरीसाठी. अंतिम फेरीत प्रत्येकाला मंच मोकळा मिळणार होता, परीक्षक मध्ये बोलणार नव्हते आणि विनोद करायची अट नव्हती. त्या बाईला एकदा न हसवता बसवून बघायचं होतं त्याला. एवढ्याशा कारणासाठी माणूस किती अपमान गिळतो, याचं मला तेव्हा नवल वाटायचं, पण कारण लहान नव्हतं, हेही कळत होतं.

अडचण साबणवाल्यांना आली. पुरुष साडी नेसून छान दिसतात इथपर्यंत त्यांची हरकत नव्हती, पण ते घरी गेल्यावर काय असतात याची खात्री त्यांना ग्राहकांना द्यायची होती. म्हणून उपांत्य फेरीच्या आधी एक नवीन प्रकार निघाला. त्याचं नाव ‘घर का सच’. प्रत्येक स्पर्धकाच्या घरच्या एका बाईने मंचावर यायचं आणि तो घरी पुरता मर्द असतो अशी साक्ष द्यायची. रोहतकच्या एका बायकोने सांगितलं की गॅसचा भरलेला सिलेंडर हे एका हाताने तिसऱ्या मजल्यावर नेतात. गाझियाबादच्या आईने सांगितलं की लहानपणी याने शेजारच्या दोघांची डोकी फोडली होती. टाळ्या डोकी फोडण्याला जास्त पडल्या. ही साक्ष परीक्षकांच्या गुणांइतकीच महत्त्वाची, असं वाहिनीची माणसं उघडच सांगत होती. साक्ष नाही तर अंतिम फेरी नाही.

आमच्याकडून मी जावं, असं ठरलं. त्यासाठी वाहिनीची एक मुलगी घरी आली. तिच्या गळ्यात ओळखपत्र होतं आणि हातात दोन मोबाइल. तिने माझ्या पुस्तकांच्या कपाटाकडे बघून “वॉव” म्हटलं आणि त्याच्याकडे पाठ करून बसली. बॅचलर मुलाचं काम थोडं अवघड असतं, तिने समजावलं. बायको नसल्यामुळे लोकांच्या मनात येतं. पण एक छोटीशी ओळ पुरेल. पुण्याची मुलगी बघून ठेवली आहे, हिवाळ्यात लग्न आहे, एवढंच मी लाजत सांगायचं. मी म्हटलं, लग्न त्याचं आणि लाजायचं मी? ती मोकळेपणाने हसली. हेसुद्धा तिथे बोला, म्हणाली.

ती गेल्यावर दीर स्वयंपाकघरात आला. मी भांडी लावत होते.

“वहिनी, एवढं नको म्हणूस.”

“नाही म्हटलं तर तुझी फायनल जाईल.”

“माहीत आहे.” तो ओट्याला टेकला. “ऑफिसात मी रोज काहीतरी सांगतो. घरमालकाला सांगायचो, आईला सांगतो. त्या साडीत असतो तेवढा वेळ काही सांगावं लागत नाही. तिथे तरी नको.”

मी म्हटलं, बरं.

स्टुडिओत नातेवाइकांना सकाळपासून बसवून ठेवलं होतं. आमच्यासमोर मंच रिकामा होता. एक इसम हात वर करून ओरडायचा, आता हसा, आता टाळ्या, आता डोळे पुसा, आता होकार द्या. कॅमेरा आमच्या चेहऱ्यांवरून फिरत होता. ही दृश्यं नंतर जिथे हवी तिथे जोडता येतात, असं मला शेजारच्या रोहतकच्या बाईंनी सांगितलं. त्या दुसऱ्यांदा आल्या होत्या आणि डोळे पुसण्यात चांगल्याच तयार झाल्या होत्या. रिकाम्या मंचाकडे बघून आम्ही सगळ्याजणी माना हलवल्या. दुरून पाहणाऱ्याला वाटलं असतं की इथे एखादा न दिसणारा महापुरुष भाषण करतो आहे.

मग माझी पाळी आली. सूत्रसंचालक माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान होता आणि मला भाभीजी म्हणत होता.

“भाभीजी, सच-सच बताइए, घर में तो ये पक्के मर्द हैं ना?”

“घर में ये मुझसे अच्छी चाय बनाते हैं,” मी म्हटलं, “और अपने भैया से कम बोलते हैं. बाकी आप इन्हीं से पूछिए.”

कोणी हसलं नाही, कारण हात वर करणाऱ्या इसमाला काय करावं ते कळलं नव्हतं. सूत्रसंचालकाने कानातलं यंत्र दाबलं.

“और दुल्हन? सुना है पुणे में दुल्हन तैयार बैठी है?”

“मुझे किसी दुल्हन की जानकारी नहीं है.”

बाजूला त्या बाईच्या वेषात उभ्या असलेल्या दिरासमोर आरसा नव्हता, पण त्याने त्या क्षणी चष्मा वर सरकवला तो हुबेहूब माझ्यासारखा. दोनदा मला विचारण्यात आलं, एकदा आणखी करू या का? मी म्हटलं, एकदा पुरे. मला प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला पुष्पगुच्छ आणि साबणाची पेटी देऊन फार आदराने गाडीत बसवण्यात आलं. परतताना दीर म्हणाला, गेली फायनल. आवाजात दुःख होतं, पण तो खिडकीची काच खाली करून गुणगुणत होता.

तो भाग प्रसारित झाला त्या संध्याकाळी सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये मोठा टीव्ही लावला होता. आयोजक आमच्या भागातलं मराठी मंडळ. याच मंडळाने आधीच्या गणपतीत दिराला नाटकात साडी नेसायला मनाई केली होती, कारण कुटुंबं येतात. आता कुटुंबं टीव्हीवर बघतच होती, तेव्हा मंडळाचं धोरण बदललं होतं. अध्यक्ष निवृत्त उपसचिव होते. त्यांनी संगीत नाटकातल्या स्त्रीपार्टी नटांपासून सुरुवात केली, महाराष्ट्राच्या थोर परंपरेवरून फिरत आमच्या दिराच्या पाठीवर येऊन थांबले आणि त्याला मतं पाठवणं हे प्रत्येक मराठी माणसाचं कर्तव्य असल्याचं सांगितलं. ‘साडी’ हा शब्द त्यांनी पूर्ण भाषणात येऊ दिला नाही. असं बोलण्यासाठी मंत्रालयात आयुष्य काढावं लागतं.

मग माझा प्रसंग आला. सूत्रसंचालकाने विचारलं, पक्के मर्द हैं ना? आणि पडद्यावर मी मान हलवली. दुल्हन तैयार बैठी है? मी पुन्हा मान हलवली, हसून. मागे सनई वाजली. माझा आवाज कुठेच नव्हता. रिकाम्या मंचाला दिलेला होकार त्यांनी तिथे चिकटवला होता. नर्तिकेने डोळे टिपले आणि दीर अंतिम फेरीत गेला.

क्लबहाउसमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक माझे हात हातात घेऊन मुलगी कुठली, काय करते, असं विचारत होते. मी सांगत होते की असं काही नाही, आणि ते म्हणत होते, हो हो, आत्ताच बोलायचं नसतं. घरी पोचेपर्यंत पुण्याहून फोन येऊन गेला होता. सासूबाई नवऱ्याला म्हणाल्या होत्या की देशाला सांगितलं, मला मेलीला नाही सांगितलं. त्या रडत होत्या म्हणे.

नवरा व्यवहारी माणूस आहे. तो म्हणाला, “फायनल करून घे. पुढे लग्न मोडलं म्हणून सांगू.”

“जे जमलंच नाही ते मोडायचं कसं?” दीर म्हणाला.

“अरे, पण तुला ती फायनल हवी होती ना?”

“हवी होती. आता त्या बाईला बसवलं तर ती यांची बाई असेल. लग्नाळू मुलाने गंमत म्हणून केलेली.”

दुसऱ्या दिवशी त्याने वाहिनीला कळवलं की मी येत नाही. तिथून कराराची धमकी आली, मग विनवणी आली आणि मग काहीच आलं नाही. शेवटी अंतिम फेरीच्या आदल्या रात्री पडद्यावर सूत्रसंचालकाने गंभीर चेहरा करून जाहीर केलं की आपल्या सगळ्यांच्या लाडक्या स्पर्धकाला डेंग्यू झाला आहे, त्यांच्यासाठी प्रार्थना करू या. लगेच साबणाची जाहिरात लागली.

दिल्लीत डेंग्यूइतका प्रतिष्ठेचा आजार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपासून बेल वाजू लागली. पपईची पानं आली, शहाळी आली, कोणीतरी नजफगडहून बकरीचं दूध मिळवलं होतं. अध्यक्ष किवीची फळं घेऊन आले. दार दिरानेच उघडलं, अंगात टी-शर्ट, हातात टोस्ट.

“प्लेटलेट्स किती?” अध्यक्षांनी दारातूनच विचारलं.

“मला काही झालेलं नाही, काका. मी स्वतःच सोडलं. ते लग्नाचंही खोटं आहे, वहिनी तसं बोललीच नव्हती.”

अध्यक्षांनी त्याच्याकडे काळजीने बघितलं. “अशक्तपणात असं होतं,” ते मला म्हणाले आणि किवी माझ्या हातात देऊन गेले. खरं बोलणाऱ्या माणसाचं काय करायचं, याची त्यांच्याकडे काही पद्धत नव्हती, आजाऱ्याची होती.

दार लावून तो थेट फोनपाशी गेला. मी बाहेर जायला निघाले, तर म्हणाला, बस. पुण्याला सासूबाईंनीच फोन उचलला असावा, कारण तो लगेच बोलू लागला.

“आई, मुलगी नाहीये. कुठलीच नाही. पुढेही नसणार. मला बायको नको, मला मुली आवडत नाहीत तशा. पत्रिका पाठवू नकोस, लोकांच्या मुली आहेत त्या.”

मग पलीकडून काहीच येईना. तो रिसीव्हर कानाला लावून भिंतीकडे बघत उभा होता. त्या थांबण्यात त्याला काही आधार द्यावा असं मला वाटलं, पण देण्यासारखं माझ्या हातात किवीच होत्या. बऱ्याच वेळाने त्यांचा आवाज मलाही ऐकू आला, एवढ्या मोठ्याने त्या बोलल्या. दूरच्या गावी फोन म्हणजे ओरडूनच बोलायचं, ही त्यांची सवय.

“ते डेंग्यूचं तरी खोटंच ना?”

“खोटंच.”

“ताप नाही?”

“नाही, आई.”

मग त्या म्हणाल्या की बाकीचं मला लगेच समजणार नाही, आणि तू समजावायला बसू नकोस, मी आधी रडून घेते. फोन त्यांनीच ठेवला.

दीर जमिनीवर भिंतीला पाठ लावून बसला. अंतिम फेरी त्याच संध्याकाळी होती. आम्ही टीव्ही लावला नाही. त्यानंतर पुण्याहून पत्रिका आल्या नाहीत, पत्रंही बरेच दिवस आली नाहीत. तो दर रविवारी फोन करायचा. तिकडून कोणी उचलायचं नाही, तेव्हा तो रिंग संपेपर्यंत धरून ठेवायचा आणि पुढच्या रविवारी पुन्हा लावायचा.