उंच पोरगा

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात मी एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलं. स्टोअरकीपरला दोनच गोष्टी याव्या लागतात. आलेला नग मोजायचा, गेलेला नग मोजायचा. मधल्या वेळात कोणाच्याही शब्दावर जायचं नाही. बायको म्हणते, या माणसाला घरातसुद्धा गेटपास लागतो. लागतो. बाहेरच्या जगात काय काय चालतं ते मी पाहिलंय. तिनं फक्त भिशीच्या बायका पाहिल्यात.

मला रिटायर व्हायला दोन महिने होते, थंडीचे दिवस होते. एका संध्याकाळी मुलीनं जेवताना सांगितलं की ती तीन दिवस सायकलवर जाणार आहे. गिरणारे, वाघेरा घाट, हरसूल, मग त्र्यंबकच्या मागून वैतरणेच्या पाण्याकडे आणि घोटीवरून परत. दोन मुक्काम, तेही उघड्यावर. हॉटेल नाही, तंबू नाही. पोरगी सव्वीस वर्षांची, घरात बसून कॉम्प्युटरवर नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी ती जाड टायरची सायकल घेऊन डोंगरात जाते. त्याची आता सवय झाली होती. पण झोपायचं कुठं, या प्रश्नावर तिनं सरळ सांगितलं, जमिनीवर. एक पिशवी असते, पाणी आत न घेणारी, आपल्या अंगाएवढी. त्यात शिरायचं आणि चेन लावायची. तिला बिव्ही म्हणतात. मी म्हटलं, आमच्याकडे अशा पिशवीत माणूस शेवटचा झोपतो. बायकोनं ताट आपटलं.

मग मी मुद्द्याचं विचारलं. एकटी जाणार का? नाही, म्हणाली, एक जण आहे बरोबर. कोण? ते नंतर सांगते. आणि ती खाली बघून भातात वरण कालवायला लागली. चेहऱ्यावर हसू. मी बायकोकडे बघितलं, तर तीही भातात बघतेय. झालं. माझ्या डोक्यात किडा शिरला तो तिथंच.

हे जाणं कसं असतं ते तिनं मला नीट समजावलं होतं, ते इथं सांगून टाकतो. लागेल ते सगळं स्वतःच्या सायकलवर लादून न्यायचं. मागून गाडी येणार नाही, पुढं कोणी वाट बघत थांबणार नाही. वाटेत दुकान लागलं तर कोणीही वाटसरू घेईल तसं घ्यायचं, पण आधी कोणाला सांगून ठेवायचं नाही, कोणाकडे सामान ठेवायचं नाही. पंक्चर झालं तर आपणच काढायचं, चुकलो तर आपणच परत यायचं. ते केलं तरच तिच्या लेखी ती ट्रिप. एकदा तिच्या मैत्रिणीचा भाऊ कार घेऊन घाटात पोचला होता, नुसता चहा घेऊन. तर हिनं ती अख्खी ट्रिप स्वतःच्या वहीतून काट मारून टाकली. मला तेव्हा ते जास्तीच वाटलं होतं.

तयारी सुरू झाली तशी माझी तपासणीही सुरू झाली. तिनं कपाटाच्या दारावर सामानाची यादी चिकटवली होती. प्रत्येक वस्तूपुढे वजन, ग्रॅममध्ये. बायकोचा लाडवाचं पीठ मोजायचा काटा दिवसभर तिच्या खोलीत. टूथब्रशचा दांडा करवतीनं अर्धा कापला, म्हणे तेवढंच ओझं कमी. रुमालाचे चार तुकडे केले. मी तिला म्हटलं, स्वतः एक पोळी कमी खा, अख्खा ब्रश नेता येईल. पण यादी मात्र मी चष्मा लावून वाचली. चमचे दोन. कप दोन. डोक्याला लावायचे दिवे दोन. गुडघ्याला लावायचं मलम एक. सव्वीस वर्षांच्या पोरीला गुडघ्याचं मलम कशाला? म्हणजे तो पोरगा एक तर खेळाडू, नाहीतर म्हातारा. दुसरी शक्यता मनात आली आणि मला त्या दिवशी चहा गोड लागला नाही.

मग कुरिअर आलं. ती आंघोळीला गेली होती म्हणून सही मी केली, आणि सही केली म्हणजे माल तपासणं आलंच. खोका उघडलेला होता असं मी पुढे सांगितलं, तो नव्हता. आत दोन हिरव्या पिशव्या, घडी केलेल्या, पावट्याच्या शेंगेसारख्या फुगीर. एकीवर मध्यम असं माप होतं. दुसरीवर लांब. खाली बारीक अक्षरात, सहा फुटांवरच्या माणसासाठी.

म्हणजे उंच पोरगा.

त्या दिवसापासून मला नाशिकमधला प्रत्येक उंच पोरगा दिसायला लागला. कोपऱ्यावरच्या जिमचा एक, वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारा एक, तिच्या कंपनीतला एक, जो एकदा लॅपटॉप द्यायला आला होता आणि दारात वाकून शिरला होता. मी प्रत्येकाचं नाव काढून तिच्यासमोर सहज टाकून बघितलं. ती ढिम्म. बायकोला विचारलं तर म्हणाली, तुम्ही आपल्या कामाचं बघा हो. आता बायकोसारखी बायको असं बोलते म्हणजे ती फितूर आहे हे सांगायला कोणी लागत नाही. त्यात तिनं डिंकाचे लाडू केले, आणि त्यात खजूर घातला नाही. पोरीला खजूर आवडतो. मग खजूर कोणाला चालत नाही?

त्याच आठवड्यात दुसरी सायकल आली. मैत्रिणीच्या नवऱ्याची, उसनी, असं मला सांगण्यात आलं. पार्किंगमध्ये लावली होती आणि सीट हातभर वर काढलेली. मुलगी तिच्यावर चढूच शकणार नाही एवढी वर. मी दोन्ही चाकं दाबून बघितली, हँडलवर कोणाचं नाव आहे का तेही बघितलं. एवढ्यात ती खाली आली आणि म्हणाली, पप्पा, जरा बसून बघा ना, ब्रेक बरोबर लागतात का.

मी लग्नाआधीपासून सायकलचा माणूस. नाशिकरोडहून एकलहऱ्याला बारा वर्षं सायकलनं गेलो, लांब टांगांना चोवीस इंची काळी सायकलच लागायची. ही पोरगी तीन वर्षांची होती तेव्हा दांडीवर टॉवेल गुंडाळून तिला बसवायचो आणि वीज केंद्राच्या राखेच्या तळ्यापर्यंत फिरवून आणायचो. तिला ते आठवतं म्हणते. पण त्या दिवशी मला काय झालं होतं देव जाणे. मी म्हटलं, "मी असल्या लोकांच्या सायकलवर बसत नाही." मग तिनं फडक्यानं ती सीट पुसली, पुसायची काही गरज नसताना, आणि वर निघून गेली.

इथपर्यंतही ठीक होतं. पुढचं मी केलं ते करायला नको होतं, हे मी आज कबूल करतो, तेव्हा मात्र मला माझी अक्कल फार थोर वाटली होती.

मी रजा टाकली, स्कूटर काढली आणि तिच्या यादीच्या मागं काढलेला रस्ता बघून निघालो. बायकोला सांगितलं, पेन्शनच्या कागदांसाठी ऑफिसला चाललोय. गिरणाऱ्याला किराणा दुकानात थांबलो. वाघेरा घाटाच्या पायथ्याशी चहाच्या टपरीवर थांबलो. हरसूलला बाजाराचा दिवस होता, तिथं पंक्चरवाला, भजीवाला, आणि कांद्याच्या ढिगामागं बसलेली एक म्हातारी, तिघांना गाठलं. प्रत्येकाला मोबाईलवरचा मुलीचा फोटो दाखवला आणि माझा नंबर लिहून दिला. माझी पोरगी पुढच्या शुक्रवारी इथून जाईल, तिला काय लागलं सवरलं तर बघा, मुक्कामाला कोणाची पडवी द्या. बरोबर एक उंच पोरगा असेल. त्याच्यावर नजर ठेवा आणि मला फोन करा. सगळ्यांनी होकार दिला. माणसं चांगली आहेत तिकडची. टपरीवाल्यानं तर चहाही माझ्याबरोबर बसून घेतला, त्याला स्वतःला तीन मुली होत्या. परत येताना मी गाणं म्हणत होतो.

एक गोष्ट मला माहीत नव्हती. निघायच्या आधीच्या रविवारी भरलेली सायकल एकदा चालवून बघतात, सगळं नीट बांधलं गेलंय का ते कळावं म्हणून. ती एकटी वाघेरा घाटापर्यंत जाऊन आली.

दुपारी आली ती बूट न काढता हॉलमध्ये उभी राहिली. मी पेपर वाचत होतो. बायको पोळ्या करत होती. मुलगी रागावली की आवाज चढवते, हे मला ठाऊक होतं, त्याची मला तयारीही होती. ती अगदी हळू बोलली. म्हणाली, टपरीवर चहाला थांबले तर त्यांनी मला ओळखलं. चहाचे पैसे घेईनात. मग विचारलं, "ताई, तो उंच पोऱ्या नाय आला का बरोबर? तुझ्या बापानं लक्ष ठेवाया सांगलंय."

मी पेपरची घडी घातली. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, बापाला काळजी असते. आणि मग, थांबता येईना म्हणून, विचारून टाकलं की आता तरी सांग, कोण आहे तो.

"पप्पा, तो उंच पोरगा तुम्ही होतात."

आतून पोळी करपल्याचा वास आला. बायको बाहेर आली नाही.

मग सगळं बाहेर आलं. रिटायर व्हायच्या आधी तिला मला घेऊन जायचं होतं. मी एकदा कधीतरी, टीव्हीवर काहीतरी बघताना म्हणालो होतो की सायकल सुटली ती सुटलीच, आता मला कोण नेतंय. मला ते बोललेलं आठवतही नव्हतं. मलम माझ्या गुडघ्यासाठी होतं. सीट माझ्या पायांसाठी वर काढली होती, आणि ती बरोबर आहे का एवढंच तिला बघायचं होतं. खजूर मला चालत नाही, पोट बिघडतं. एवढं साधं मला कसं दिसलं नाही? सगळे नग माझ्या डोळ्यांसमोर होते. मी मोजत बसलो.

मी लगेच उठलो. म्हटलं, चल ना मग, मी येतो, आत्ता खाली जाऊन बसून बघतो सायकलवर. ती म्हणाली, नको. रागानं नाही म्हणाली, त्याचंच जास्त लागलं. म्हणाली, त्या रस्त्यावर आता सगळे आपली वाट बघतायत. आणि दुसऱ्या रस्त्यानं गेलो तरी तुम्ही मला न सांगता कोणाला तरी फोन करालच, ते मला सारखं मनात येत राहणार. मी म्हटलं, नाही करणार. तिनं माझ्याकडे बघितलं. तसं मी स्टोअरच्या खिडकीत उभ्या असलेल्या माणसांकडे एकतीस वर्षं बघत आलोय.

मंगळवारी उसनी सायकल परत गेली. शुक्रवारी पहाटे मुलगी एकटी गेली, वेगळ्या रस्त्यानं, आणि रस्ता कोणता ते फक्त आईला सांगून गेली. मी विचारलं नाही. ओठांवर दहा वेळा आलं, नाही विचारलं. जाताना तिनं मला पाया पडून नमस्कार केला, तो नेहमीसारखाच केला. दुसरी हिरवी पिशवी तिच्या खोलीत खुंटीवर लटकत होती. परत पाठवायची मुदत टळून गेली होती म्हणे.

शनिवारी मी दिवसभर घरात येरझाऱ्या घातल्या. बायकोच्या फोनवर दोनदा मेसेज वाजला. ती वाचून एवढंच म्हणाली, बरी आहे, जेवली. संध्याकाळी पाचच्या सुमाराला मी ती पिशवी घेतली आणि गच्चीवर गेलो. ऊन उतरलं होतं, गार वारा सुटला होता. शेजारच्या गच्चीवर कोणी नाही असं बघून मी चप्पल काढली आणि आत शिरलो. गुडघा वाजला. पण पाय खालपर्यंत गेले, टाचा टेकल्या, आणि डोक्यावर बरोबर चार बोटं जागा उरली. खांद्यालाही कुठं दाबत नव्हतं. मी चेन गळ्यापर्यंत ओढून आकाशाकडे बघत पडलो आणि मला रडू यायला लागलं. आलं तर येऊ दिलं.

बायको वाळलेले कपडे काढायला वर आली. माझ्याकडे बघून ती हसेल असं वाटलं होतं. ती हातातले कपडे तसेच धरून कठड्याशी बसली.

मी तिला विचारलं की पिशवी इतकी मापात कशी काय आली, पोरीनं मला उंची कधी विचारलीच नव्हती. ती म्हणाली, विचारली असती तर तुम्ही आधी कशाला ते विचारलं असतं. तुम्ही एका रविवारी दुपारी झोपला होतात. तिनं माझी शिवणाची टेप घेतली आणि पायाच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत मापून काढलं, खांदेसुद्धा. दोनदा मापलं, चुकायला नको म्हणून.

एरवी दाराची कडी वाजली तरी मला जाग येते. त्या दुपारी मी जागा झालो नव्हतो.