घट्ट आवळलेलं चाक

हे जाऊन दोन महिने झाले. लोक भेटायला येतात, यांच्या सचोटीबद्दल बोलतात. मला मात्र आमच्या जुन्या पिकअपचं पुढचं डावं चाक आठवत राहतं.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. आम्ही फणसवाडीत राहत होतो. हे गिरगावातल्या छापखान्यांना पिकअपमधून कागद पोहोचवायचे, मी घरी बसून प्रुफं तपासायची. आमचं पहिलं मूल जन्मतःच गेलं होतं. दुसऱ्या वेळी परळच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, कळा सुरू झाल्या की लगेच निघायचं. तपासणीलाही हे मला पिकअपमधूनच न्यायचे.

त्या चाकातून घरघर यायची. माझगावचा मिस्त्री चाकाच्या मधला हब उघडायचा, बेअरिंग बदलायचा, ग्रीस भरायचा. थोड्या दिवसांत आवाज परत. शेवटी तो वैतागला.

"भाऊ, माझ्या मागे नट कोण आवळतं?"

हे वाकून चाक बघू लागले.

"आवळून मग जरा मागे फिरवायचा असतो. बेअरिंगला जागा नको?"

"हिला बसवायचं असतं गाडीत. सैल कसा ठेवू?"

"मग वहिनींना कडेवर घेऊन जावा."

हेही हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीतून पाहते, तर खाली पाना घेऊन चाकापाशी उकिडवे बसलेले.

"अहो, मिस्त्रीनं काय सांगितलं?"

"एवढासाच आवळतोय."

कळा सुरू झाल्या त्या दिवशी हरताळ होता. ट्राम, बस, टॅक्सी, काहीच चालू नव्हतं. पिकअप लालबागपर्यंत आली आणि चाक किंचाळू लागलं, करपट वास सुटला. यांनी गाडी थांबवून हबला हात लावला आणि झटकन मागे घेतला. समोरच्या चाळीतल्या बायकांनी मला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. चाक निवल्यावर यांनी जॅक लावला, नट थोडा उलटा फिरवला, चाक दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिलं. ते किंचित हललं. यांचा चेहरा उतरला.

"हलतंय गं हे."

"हलू दे. मी बसते, तुम्ही चालवा."

एक हात स्टिअरिंगवर आणि दुसरा माझ्यापुढे आडवा धरून यांनी गाडी अगदी हळू चालवली. आवाज थांबला होता.

संध्याकाळी मुलगी झाली. चांगली खणखणीत रडली. नर्सनं यांना आत बोलावलं. साबणानं घासूनही ग्रीसचे हात पुरते स्वच्छ झाले नव्हते, म्हणून आधी पाठीमागे धरून उभे राहिले. मग राहवलं नाही. एका बोटानं तिच्या गालाला स्पर्श केला, तर काळा डाग उठला.

"अहो, हे काय?" नर्स म्हणाली.

"राहू द्या," मी म्हटलं, "तीट लागली."

हे मात्र घाबरून सदऱ्याच्या टोकानं तो पुसत राहिले, आणि डाग आणखीच पसरत गेला.